राक्षसाला बाण कुणी मारला? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची जुनी मासिकं वाचताना

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना माइंड फ्लेअर कोण हे सांगावं लागत नाही. मालिकेतल्या मुलांनी आपल्यावर चालून आलेल्या शत्रूला हे नाव दिलं, ते त्यांच्या आवडत्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून उचलून. खेळात मात्र हा जीव पहिल्यांदा आला तो एका पातळशा वार्तापत्रातून. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. तिथल्या टीएसआर या कंपनीने १९७५ साली 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' काढलं. त्याच्या पहिल्याच अंकात ऑक्टोपसासारख्या तोंडाचा, माणसांचे मेंदू खाणारा माइंड फ्लेअर छापून आला.

मोबाइलवर फिरणारं नऊ चौकोनांचं मीमही तुम्ही पाहिलं असेल. एका बाजूला 'लॉफुल', दुसऱ्या बाजूला 'केऑटिक', वर 'गुड', खाली 'ईव्हिल', आणि प्रत्येक चौकोनात कुणीतरी नट, राजकारणी किंवा चहा पिण्याची पद्धत. त्याचं मूळही याच वार्तापत्राच्या फेब्रुवारी १९७६च्या अंकात सापडतं.

या खेळाबद्दल जे काही आपल्यापर्यंत झिरपत आलं आहे, त्यातलं बरंचसं आधी मासिकांत छापलं गेलं आणि मग पुस्तकांत शिरलं. पुस्तकात नियम ठरल्यावर येतो. तो ठरत असताना काय वाद झाले, कुणी काय सुचवलं, काय फेकून दिलं गेलं, हे मासिकातच दिसतं. म्हणून ही पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीची मासिकं आजही वाचण्यासारखी आहेत. मात्र ती जरा वेगळ्या नजरेने वाचावी लागतात, नाहीतर अर्ध्या पानावर कंटाळा येतो.

खेळ अर्धवट होता, म्हणून मासिक लागलं

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीच्यांचं एकेक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. डंजन मास्टर प्रसंग सांगतो आणि खेळाडू आपलं पात्र काय करतं ते बोलून दाखवतात. कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलत जातात. तसंच काहीसं. इथे मात्र शेवटही ठरलेला नसतो, आणि तलवारीचा वार लागला की नाही याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एक गोष्ट दर शनिवारी पुढे सरकत वर्षानुवर्षं चालू शकते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली विकायला काढला. तीन छोट्या पुस्तिका, एक खोकं, पहिल्या छपाईत हजार प्रती. त्या पुस्तिका आज वाचल्या तर डोकं गरगरतं. लढाईचे नियम नीट कळायला 'चेनमेल' नावाचा १९७१चा वेगळा युद्धखेळ जवळ असावा लागे. काही गोष्टी दोनदा सांगितलेल्या, काही सांगितलेल्याच नाहीत. शेवटी तर लेखकांनी हात वर केल्यासारखं सांगून टाकलंय: उरलेलं तुम्हीच कल्पून घ्या, तुमच्या वतीने आम्ही आणखी किती कल्पना करत बसायचं?

वाचकांनी ते अगदी मनावर घेतलं. गावोगावच्या गटांनी आपापले नियम बनवले, आणि दोन गावांतले खेळाडू भेटले की खेळ एकच असून एकमेकांचं एकमेकांना कळेना. कंपनीकडे प्रश्नांची पत्रं येऊ लागली. नवीन पुस्तक काढायचं तर महिने जाणार आणि पैसा लागणार. वार्तापत्र मात्र चटकन निघतं. त्यामुळे 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'त नवे प्राणी, नियमांचे खुलासे आणि वाचकांनी पाठवलेली पात्रं असा ऐवज भरू लागला. पहिल्या अंकात एकट्याला खेळता यावं म्हणून फासे टाकून भुयार आखायची कोष्टकं होती. चार वर्षांनी डंजन मास्टरच्या मार्गदर्शक पुस्तकाला परिशिष्ट म्हणून ती जोडली गेली. दुसऱ्या अंकात रानावनात वावरणारा रेंजर हे पात्र आलं, चौथ्यात मायाजाल करणारा इल्यूजनिस्ट, सहाव्यात गाणारा बार्ड. तिन्ही कंपनीबाहेरच्या लेखकांची: अनुक्रमे जो फिशर, पीटर अॅरन्सन आणि डग श्वेगमन. १९७८च्या खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात तिघंही जाऊन बसले. आज जगभर जी मुलं 'मी रेंजर होणार' म्हणतात, ती एका वाचकाने पाठवलेल्या लेखावर खेळत असतात.

नऊ चौकोनांची गोष्टही याच काळातली. १९७४च्या खेळात पात्राची वृत्ती एकाच रेषेवर मोजली जाई: एका टोकाला व्यवस्था, दुसऱ्या टोकाला गोंधळ, मध्ये तटस्थ. गडबड अशी झाली की खेळाडूंनी व्यवस्था म्हणजे चांगुलपणा आणि गोंधळ म्हणजे दुष्टपणा असं धरलं. मग नियमाने चालणारा क्रूर राजा कुठे बसवायचा? आणि कायदा मोडून गरिबांना वाटणारा दरोडेखोर? सहाव्या अंकातल्या लेखात गायगॅक्सने दोन रेषा एकमेकींना छेदून एक आलेख काढला आणि त्यावर प्राणी, देव, पात्रं मांडून दाखवली. त्या आलेखावर चौकोन आखलेले नव्हते, फक्त दोन अक्ष होते. नऊ कप्पे नंतर पुस्तकांत पक्के झाले. मला विचाराल तर मूळचा आलेखच जास्त शहाणा होता. त्यात माणूस एखाद्या कप्प्यात कोंडला जात नाही, थोडा डावीकडे किंवा थोडा वर सरकू शकतो.

राक्षस, बाण आणि वाघाचं डोकं

मासिकापासून आजच्या पुस्तकापर्यंतची एखादी वाट शोधायची असेल, तर मराठी वाचकाने राक्षसाचीच शोधावी. हो, आपलाच राक्षस. डिसेंबर १९७५च्या पाचव्या अंकात तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पहिल्यांदा दिसला. दोन वर्षांनी निघालेल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या प्राण्यांच्या पुस्तकात त्याला कायमची जागा मिळाली. तिथलं वर्णन थोडक्यात असं: हे दुष्ट आत्मे मूळचे भारतातले, आता इतरत्र पसरत आहेत. माणसाचं मांस त्यांना आवडतं. ते मायावी आहेत. साध्या शस्त्रांनी त्यांना काही होत नाही, आठव्या पातळीखालचा कुठलाही मंत्र त्यांच्यावर चालत नाही (पातळी जितकी वरची, तितका मंत्र जबर). पण धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा, म्हणजे दांड्यावर आडव्या बसवलेल्या, घोडा दाबून सोडायच्या धनुष्याचा, बाण लागला तर राक्षस तिथल्या तिथे मरतो.

यातलं मायावीपण आपण लगेच ओळखतो. सोन्याचं हरीण होऊन आलेला मारीच, सुंदरीचं रूप घेऊन आलेली शूर्पणखा. पण क्रॉसबो? रामायण-महाभारतात धुंडाळून असला बाण सापडणार नाही. इथे तारखा कामी येतात. डिसेंबर १९७४मध्ये, म्हणजे त्या अंकाच्या बरोबर वर्षभर आधी, 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकन भयमालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात शिकागोत एक राक्षस येतो, समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याच माणसाचं रूप घेतो, आणि त्याला मारायला लागतो मंतरलेला क्रॉसबोचा बाण. राक्षस आपला, मरण टीव्हीवरचं.

चित्राची कहाणी आणखी निराळी. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये डेव्ह ट्रॅम्पियर या चित्रकाराने राक्षस काढला तो वाघाच्या डोक्याचा, झुळझुळीत अंगरखा घालून ऐटीत बसलेला, हातात पाइप. राक्षस नाना रूपं घेतो, पण त्या चित्राचा ठसा असा उमटला की पुढे खेळातल्या राक्षसाला वाघाचंच डोकं चिकटलं. नंतर त्याचे तळहातही उलटे झाले.

आता २०१४च्या आवृत्तीतला राक्षस पाहा. वाघाचं डोकं आहे, उलटे तळहात आहेत, सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्यावर चालत नाहीत. आणि एक विचित्र कलम आहे: सज्जन वृत्तीच्या पात्राने जादुई, टोचणाऱ्या शस्त्राने वार केला तर राक्षसाला दुप्पट इजा होते. हे कलम एकटं वाचलं तर काहीच बोध होत नाही. टोचणारंच शस्त्र का? सज्जनानेच का मारायचं? मालिका, मासिक आणि १९७७चं पुस्तक शेजारी ठेवलं की उलगडा होतो. मंतरलेला बाण चाळीस वर्षांत झिजत झिजत एवढाच उरलाय.

माझ्या मते जुनी मासिकं वाचण्याचं खरं कारण हे आहे. आजच्या नियमपुस्तकात जिथे जिथे 'हे असं का?' असा प्रश्न पडतो, तिथे बहुतेक वेळा एखादा विसरलेला लेख, एखादी मालिका किंवा एखाद्या वाचकाचं पत्र दडलेलं असतं.

'ड्रॅगन' आणि त्याचे भांडखोर वाचक

'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'चे एकूण सात अंक निघाले. मग जून १९७६मध्ये त्याच्या जागी 'द ड्रॅगन' आलं, पहिला संपादक टिम कास्क. हे मासिक छापील रूपात सप्टेंबर २००७पर्यंत चाललं. शेवटचा छापील अंक ३५९वा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याचा खप लाखाच्या पुढे गेला होता. खेळ कितीही लोकप्रिय असो, एका खेळाच्या मासिकाला हा आकडा भलताच मोठा.

'ड्रॅगन' वाचताना एक कळीचा फरक ध्यानात ठेवावा लागतो: छापलेलं सगळंच अधिकृत नव्हतं. कंपनीच्या पुस्तकातला नियम एकीकडे, आणि मासिकातल्या लेखकाने सुचवलेला पर्याय दुसरीकडे. जुलै १९८०च्या ३९व्या अंकात एक कोष्टक आहे. वार जबरदस्त बसला तर शत्रूचा कुठला अवयव जाईल आणि वार चुकला तर आपलीच तलवार आपल्याला कशी लागेल, हे फासे टाकून ठरवायचं. असंख्य गटांनी ते कापून ठेवलं आणि वापरलं. गायगॅक्सने मात्र अशा नियमांची भर आपल्या पुस्तकांत मुद्दाम टाळली होती. आजही टेबलावर कुणी वीस बाजूंच्या फाशावर वीस पाडला की शेजारचा 'आता हात तुटला पाहिजे' म्हणून ओरडतो. ती मागणी पुस्तकांतून कमी आणि अशा कोष्टकांतून जास्त आली.

उलटी वाटही होती. गायगॅक्स स्वतः आपल्या सदरातून नवी पात्रं, नवे मंत्र मांडायचा, वाचकांची प्रतिक्रिया पाहायचा आणि मग ते पुस्तकात घ्यायचा. १९८५चं 'अनअर्थ्ड आर्केना' हे बऱ्याच अंशी अशाच लेखांचं संकलन आहे. बार्बेरियन आणि कॅव्हेलियर ही पात्रं आधी मासिकात आली, मग त्यात.

नियमांवरची भांडणं मिटवायला नोव्हेंबर १९७९मध्ये 'सेज अॅडव्हाइस' हे प्रश्नोत्तरांचं सदर सुरू झालं. ते सुरुवातीला जीन वेल्स लिहायच्या. टीएसआरने खेळ रचण्याच्या कामासाठी घेतलेल्या त्या पहिल्या महिला. हे सदर मी सर्वांत आधी उघडतो. उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त बोलके असतात. लोक खेळाकडून काय मागत होते, कुठे अडत होते आणि कुठे निव्वळ आपल्या डंजन मास्टरवर कुरघोडी करायला वरून शिक्का मागत होते, ते त्यातून स्वच्छ दिसतं.

जीन वेल्स यांचं नाव निघालंच आहे, तर न आवडणाऱ्या पानांबद्दलही बोलायला हवं. ऑक्टोबर १९७६च्या तिसऱ्या अंकात लेन लाकोफ्काचा स्त्री-पात्रांवर लेख आहे. त्यात स्त्री-पात्रांसाठी 'करिश्मा' या गुणाच्या जागी 'सौंदर्य' मोजायचं, लढवय्या स्त्रियांची ताकद कमी ठेवायची, आणि पुरुषांना भुलवणारे मंत्र. लेखकाचा हेतू मुलींना खेळात आणण्याचा होता, असं लेखाचं शीर्षकच सांगतं. आता ३९वा अंक उघडा, तोच अवयव तोडणारा. तिथे जीन वेल्स आणि किम मोहन यांचा लेख आहे. स्त्रियांना बरोबरी हवी आहे, मग का नको, असा त्याचा सूर. १९७८च्या पुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीवर कमाल मर्यादा होती, तिच्यासारख्या गोष्टींची चर्चा त्यात येते. दोन लेखांत चार वर्षांचं अंतर. तिसऱ्या अंकातलं पान फाडून टाकलं तर ३९व्या अंकातला लेख कुणाशी भांडतोय तेच कळणार नाही.

जुनं ते सोनं ही म्हण इथे निम्मीच खरी. या अंकांतल्या कथा, दोन-चार सोडल्या तर, न वाचलेल्या बऱ्या. शस्त्रांच्या वजनांवर आणि भाल्यांच्या प्रकारांवर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. एप्रिलच्या अंकातले विनोद काही हसवतात, काही अंगावर येतात. मधल्या पानांत मात्र कधीकधी अख्खा खेळ छापलेला असे, नकाशा आणि कापायच्या सोंगट्यांसकट. टॉम वॅमचा अंतराळातल्या हिरव्या प्राण्यांचा खेळ १९७९च्या २८व्या अंकात असाच फुकट आला आणि पुढे वेगळा विकला गेला.

एड ग्रीनवूड या कॅनडातल्या ग्रंथपालाचं उदाहरण तर मासिकाच्या ताकदीचं प्रमाणपत्रच आहे. लहानपणापासून त्याने मनात एक जग रचलं होतं. १९७९च्या ३०व्या अंकात त्याचा एक प्राणी छापून आला. मग मंत्रांच्या पोथ्यांवर, नरकांच्या नकाशांवर त्याचे लेख येत राहिले. त्यात एल्मिन्स्टर नावाचा म्हातारा जादूगार येऊन माहिती सांगतो अशी युक्ती होती. तुकड्यातुकड्यांनी येणारं हे जग पुरतं आहे तरी केवढं, असं कंपनीला वाटलं, तिने ते विकत घेतलं आणि १९८७ साली 'फरगॉटन रेल्म्स' म्हणून बाजारात आणलं. 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३चा व्हिडिओ गेम याच जगात घडतो.

इंग्लंडातला शाळकरी मुलगा आणि कॅलिफोर्नियातलं टपाल

'बाल्डर्स गेट ३' खेळलेल्यांना हिरव्या-पिवळ्या कातडीची, तलवारीला तलवार भिडवणारी लाएझेल आठवेल. तिची जमात गिथयांकी. ही जमात १९७९ साली 'व्हाइट ड्वार्फ' या इंग्लिश मासिकाच्या बाराव्या अंकात आली. ती रचली होती चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या शाळकरी मुलाने. नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या एका कादंबरीतून उचललं. वाचकांचे प्राणी छापायचं 'फीन्ड फॅक्टरी' हे सदर डॉन टर्नबुल चालवायचे. १९८१मध्ये त्यातले निवडक प्राणी 'फीन्ड फोलिओ' या पुस्तकात आले आणि मुखपृष्ठावर गिथयांकीच होता. स्ट्रॉस पुढे विज्ञानकथालेखक झाला, ह्यूगो पुरस्कारही मिळवला.

'व्हाइट ड्वार्फ' जून १९७७ला सुरू झालं, काढलं गेम्स वर्कशॉपने. सुरुवातीला त्यात सगळ्याच कंपन्यांच्या खेळांवर मजकूर असे, परखड समीक्षाही असे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते फक्त स्वतःच्या मालाचं, म्हणजे 'वॉरहॅमर'च्या पुतळ्यांचं मासिक झालं. व्यापारी हिशेबाने हा निर्णय बरोबर ठरला असेल, पण वाचक म्हणून मी पहिल्या ऐंशीएक अंकांपाशीच थांबतो.

याहून वेगळा प्रकार होता लॉस एंजेलिसमधल्या ली गोल्ड यांचा. जून १९७५मध्ये त्यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' सुरू केलं. याला संपादित मासिक म्हणता येत नाही. पद्धत अशी: प्रत्येक सभासदाने आपली चार-सहा पानं लिहून पाठवायची, मध्यवर्ती व्यक्तीने ती सगळी एकत्र करून गठ्ठा सर्वांना टपालाने धाडायचा. पुढच्या खेपेला प्रत्येक जण आपल्या पानांत आधीच्या अंकातल्या प्रत्येकाला उत्तर देणार. कुणी काही कापत नाही, कुणी निवडत नाही. अशा गठ्ठ्यात खेळाडू आपले नियम, खेळाच्या हकिगती आणि एकमेकांवरची टीका दर महिन्याला घालत राहिले. तो २०२५पर्यंत निघाला. 'ड्रॅगन'मध्ये कंपनीला अडचणीचं वाटेल ते येणार नाही हे उघड होतं. इथे तसली अडचणच नव्हती. हा खेळ म्हणजे युद्धखेळ, की नाटक, की दोन्ही, हा वाद समजून घ्यायचा तर ही पानं जास्त उपयोगाची.

अंकांतल्या जाहिराती ओलांडून जाऊ नका. शिशाचे पुतळे, नाना बाजूंचे फासे, संमेलनांच्या तारखा, आणि टपालाने खेळायच्या खेळांची पानंच्या पानं. त्या खेळांत तुम्ही आपली चाल कागदावर लिहून पैशांसह पाठवायची, कंपनी शेकडो खेळाडूंच्या चालींचा हिशेब लावून आठवड्या-दोन आठवड्यांनी निकाल धाडणार. आजचा ऑनलाइन खेळ तिकिटं लावून चालत होता, हे या जाहिरातींशिवाय कुठे फारसं दिसत नाही.

आणि चित्रकथा. राक्षस काढणाऱ्या ट्रॅम्पियरची 'वर्मी' ही चित्रकथा १९७७पासून 'ड्रॅगन'च्या शेवटच्या पानांत येई. सिगार ओढणारा, पैजा लावणारा एक ड्रॅगन, आणि काय त्या रेषा! एप्रिल १९८८च्या १३२व्या अंकानंतर ती कथेच्या मध्येच थांबली. ट्रॅम्पियर या क्षेत्रातून नाहीसाच झाला. कित्येक वर्षांनी तो इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावात टॅक्सी चालवताना आढळला. २०१४मध्ये तो वारला.

जुना मजकूर आजच्या टेबलावर

समजा जुन्या अंकातला एखादा प्राणी आजच्या खेळात उतरवायचा आहे. पहिली अडचण चिलखताच्या आकड्याची. २०००पूर्वीच्या आवृत्त्यांत हा आकडा जितका कमी तितकं पात्र मारायला अवघड. दहा म्हणजे उघडा माणूस, शून्याखाली गेलात तर भले भले वार चुकणार. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने हे उलटं केलं: आता आकडा जितका मोठा तितकं संरक्षण जास्त, आणि उघडा माणूस पुन्हा दहावरच. त्यामुळे सोपं सूत्र आहे: वीसमधून जुना आकडा वजा करा.

राक्षसावर करून पाहू. १९७७मध्ये त्याचं चिलखत उणे ४. वीसमधून उणे ४ वजा केले की २४ येतात. पण २०१४च्या पुस्तकात राक्षसाचं चिलखत आहे १६. गणित चुकलं नाही, खेळ बदलला. नव्या आवृत्तीत पात्रांचा नेम फार वाढू देत नाहीत, त्यामुळे प्राण्यांचे आकडेही खाली ठेवलेले असतात. २४चा राक्षस आज समोर उभा केला तर सगळी संध्याकाळ वार चुकण्यात जाईल. म्हणून आकडे आजच्या पुस्तकातल्या तशाच एखाद्या प्राण्याचे घ्या. जुन्या लेखातून त्याचं वागणं, त्याची खोड, त्याचं मरण एवढंच घ्या.

अंक मिळतात कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि याचं उत्तर कायद्यात अडकलंय. १९९९ साली 'ड्रॅगन'चे पहिले अडीचशे अंक आणि 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'चे सातही अंक सीडींवर निघाले. आज तो संच नवा मिळत नाही. गोम अशी की मासिकाला लेख देणारा बाहेरचा लेखक किंवा चित्रकार पुष्कळदा फक्त एकदा छापण्याचा हक्क देतो, पुढचे हक्क त्याच्याकडेच राहतात. 'नाइट्स ऑफ द डिनर टेबल' ही चित्रकथा त्या संचात पुन्हा छापली गेल्यावरून तिच्या मालकांशी वाद झाला आणि तडजोड करावी लागली. २००१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वर्तमानपत्रांनी बाहेरच्या लेखकांचे लेख सुटे करून संगणकी संग्रहात त्यांच्या परवानगीशिवाय घालू नयेत. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या खटल्यांत मात्र अपील न्यायालयांनी २००५ आणि २००८मध्ये पानं जशीच्या तशी, अख्ख्या अंकासकट दाखवायला मुभा दिली. म्हणजे लेख सुटा काढला की हक्क लेखकाचा, अंक अखंड ठेवला की प्रकाशकाची बाजू भक्कम. जुन्या मासिकांचे निवडक लेख एकत्र करून विकणं का अवघड जातं, ते यावरून कळेल. छापील अंक जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळतात. भारतात मागवायचे तर टपालखर्च अंकापेक्षा जास्त पडतो.

सुरुवात करायची तर 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'चे सातही अंक सलग वाचा, फार वेळ लागत नाही. मग उडी मारून 'ड्रॅगन'चा नोव्हेंबर १९८७चा १२७वा अंक घ्या आणि रॉजर मूरचं संपादकीय वाचा. टकर नावाच्या एका डंजन मास्टरच्या कोबोल्डांबद्दल आहे ते. कोबोल्ड म्हणजे खेळातला सगळ्यात किरकोळ प्राणी, एका फटक्यात मरणारा. पण टकरचे कोबोल्ड अंधारातून बाण मारायचे, आगी लावायचे, वाटा बंद करायचे, शत्रूला त्यांच्या सोयीच्या अरुंद बोळात रेटत न्यायचे. चांगले मुरलेले खेळाडू त्यांच्या भीतीने पळत सुटत आणि खालच्या मजल्यावरचे मोठे सैतान त्यांना परवडत. त्या लेखात एकही आकडा बदलायला लागत नाही.